ईश्वरी वाण

त्या वर्षी राज्यातली एक लाख चाळीस हजार मुलं हणमंत भोईट्यांच्या मुलीसारखा अभ्यास करत होती, आणि हा आकडा दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय हणमंतआबांना जेवण गोड लागत नसे. गिऱ्हाईक मोडकी खुर्ची घेऊन दुकानात आलं, की आबा आधी चौकटीवरून हात फिरवत, वेत कुठे तुटलाय ते चाचपत, चार दिवसांनी या म्हणत, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखं विचारत, "घरात हस्तपरीक्षेला बसणारं कुणी हाय का?" हो म्हटलं तर बोलायला विषय मिळे. नाही म्हटलं तरी मिळेच.

"असंल तर ईश्वरी वाण लावून घ्या. बाकीचे वाण वाईट हायती असं माझं म्हणणं न्हाई. पर ईश्वरी ती ईश्वरी. माझी लेक हाय ती."

फलटणात राहणाऱ्याला हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. तरी गिऱ्हाईक दर वेळी नव्यानं चकित होई. आबांचे डोळे तिसऱ्या वर्षी तापात गेले होते, बायको मुलगी पाच वर्षांची असताना गेली होती, आणि या माणसानं वेताच्या खुर्च्या विणता विणता एकट्यानं ती पोर वाढवली होती. त्याला थोडं मिरवू द्यायला कुणाचं काय जात होतं?

ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळी प्रत्येकाच्या कानात 'सांगाती' असे. ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र. विचाराल ते सांगे, न विचारलेलंही सांगे. त्यामुळे लक्षात ठेवायची गरज उरली नाही, आणि एका पिढीत बसून अभ्यास करणं ही गोष्टच लोक विसरले. मग एकदा सगळे सांगाती दोन दिवस बंद पडले. त्या दोन दिवसांत काय काय झालं, किती शस्त्रक्रिया अर्ध्यावर थांबल्या, ते इथे सांगत बसत नाही. सरकार खडबडून जागं झालं आणि नियम आला, की ज्याच्या हाती दुसऱ्याचा जीव असणार, त्या प्रत्येकानं बंद दालनात, सांगाती बाहेर काढून ठेवून, कागदावर पेनानं तीन तास पेपर लिहायचा. हीच हस्तपरीक्षा.

पहिल्या वर्षी दोन लाख मुलं बसली आणि त्यातली अकराशे शेवटपर्यंत टिकली. बाकीची नापास झाली असंही म्हणता येत नव्हतं. ती अर्ध्या-पाऊण तासात उठून चालती झाली. काहींना उत्तरं येत होती, पण बसणं कुणालाच येत नव्हतं. त्या अकराशेंत पहिली आली ती ईश्वरी हणमंत भोईटे, वय अठरा.

पुण्याच्या सवय-कलम केंद्रातल्या डॉक्टर तस्नीम मुजावर तेव्हा नव्यानं कामाला लागल्या होत्या. त्या स्वतः फलटणला आल्या होत्या. 'सवय-कलम' म्हणजे काय, हे त्यांनी आबांना दुकानातल्या स्टुलावर बसून समजावलं होतं.

"काका, चार वाजले की तुम्हाला चहा लागतो ना?"

"लागतो की."

"चार वाजले, ही झाली खूण. चहा करणं, हे झालं काम. आणि पहिला घोट घेतल्यावर जे बरं वाटतं, ती शाबासकी. खूण, काम, शाबासकी. या तीन कड्या पुन्हा पुन्हा जोडल्या गेल्या, की मेंदूच्या तळाशी त्यांची एक वाट पडते. तीच सवय. ती वाट आम्हाला नोंदवता येते. ईश्वरीच्या डोक्यावर एक टोप ठेवायचा, ती अभ्यास करेल तसतशी नोंद होत जाईल. मग दुसऱ्या मुलाला तसाच टोप घालून, झोपेत एकवीस दिवस, हलक्या चुंबकानं तीच वाट त्याच्या मेंदूत उठवायची. आंब्याचं कलम बांधतात तसं."

"म्हंजी हिला येतं त्ये समदं त्याला येणार?"

"नाही. गणित येणार नाही, गणिताला बसता येईल. पुढचं ज्याचं त्यानं करायचं."

हे आबांना फार पटलं. त्यांनीही मुलीला तेवढंच शिकवलं होतं. ते स्वतः सातवीपर्यंत अंधशाळेत शिकलेले. तिच्या भूमितीतलं त्यांना काय कळणार? पण बसायचं कसं, हे वेत विणणाऱ्याला शिकवावं लागत नाही. वेत पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि वाळायच्या आत विणून घ्यायचा. वाळला की तो तुटतो. त्यामुळे एकदा घागरीतलं पाणी बादलीतल्या वेतावर ओतलं, की पाऊण तास उठायचं नाही. ईश्वरी पहिलीत असल्यापासून पाणी पडल्याचा आवाज आला की दप्तर घेऊन बापाशेजारी बसे. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि आठवेल तेवढं एका पानावर लिहून काढायचं. चुकलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठ दिवसांनी, मग महिन्यानं. विणकामातही आबा असंच करत. आधी उभे पदर, मग आडवे, मग तिरके. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीला आवळत जाते.

केंद्रानं ती पाण्याची खूण उचलली, ते बसणं उचललं, ते पान लिहिणं उचललं. कलम सहा महिन्यांत फिकं पडे, मग ते ताजं करावं लागे. जुन्या नोंदी वर्षाच्या वर टिकत नसत. म्हणून दर जूनला ईश्वरीनं केंद्रात जाऊन नव्यानं नोंद द्यायची. रोपवाटिकेत ज्या झाडाच्या काड्या कलमासाठी घेतात त्याला मातृवृक्ष म्हणतात, तेच नाव केंद्रानं तिला दिलं. ईश्वरी पुढे पूल बांधणारी इंजिनियर झाली, नाव कमावलं, तरी जूनमधली नोंद चुकली नाही. आबा दर वर्षी तिच्यासोबत जात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. आपण मातृवृक्षाचे बाप म्हणजे नेमके कोण, हा हिशेब त्यांना जमला नव्हता, पण मान मोठा आहे एवढं त्यांना कळत होतं.

अशी अकरा वर्षं गेली. सुरुवातीला कलम मोजक्या मुलांनाच मिळे. गेल्या दोन वर्षांत ते सगळ्यांना खुलं झालं आणि आकडा लाखावर गेला. आणि एका मंगळवारी दुपारी डॉक्टर मुजावर पुन्हा फलटणला आल्या. सोबत त्यांची सोळा वर्षांची मुलगी झोया होती.

आबांना वाटलं, सत्काराचं बोलावणं असणार. त्यांनी शेजारच्या हॉटेलात तीन चहा सांगितले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि जरा ताठ बसले.

"काका, सत्काराला नाही आले मी," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. "तुम्ही तुमचं काम सुरू करा. वेत भिजवा. झोया इथे बसेल थोडा वेळ."

आबांनी घागर उचलून बादलीत पाणी ओतलं. त्या आवाजासरशी पोरगी जमिनीवर बसली, दप्तर उघडलं, पुस्तक वाचायला लागली. थोड्या वेळानं पुस्तक मिटल्याचं ऐकू आलं आणि पेन कागदावर चालायला लागलं. आबांचे हात विणता विणता थबकले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पेन दाबून लिहिणारा, मध्ये न अडखळणारा, ओळ संपली की किंचित उचलला जाणारा. दहा वर्षांची ईश्वरी शेजारी बसलीय असं त्यांना वाटलं, आणि अभिमानानं त्यांचा ऊर भरून आला. दुसऱ्याच्या लेकीच्या हातात आपल्या लेकीचा हात! असं भाग्य कुणाला मिळालंय?

लिहिणं थांबलं. पोरगी उठून त्यांच्यासमोर आली आणि नुसतीच उभी राहिली.

"ती वही पुढे करून उभी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पान उलटं करून. कोऱ्या बाजूनं. घरी दिवसातून चार वेळा ती अशीच माझ्यासमोर येते. मी पान सुलटं करते, वाचते, छान लिहिलंयस म्हणते. ती परत जाते आणि तेच पान पुन्हा लिहिते. परवा सात वेळा लिहिलं. जेवायला उठत नाही, काका. लिहिलेलं सगळं बरोबर असतं, तरी तिचं पान पुरं होत नाही. आणि ही एकटी झोया नाही. हजारो घरांत हेच चाललंय. मार्क उत्तम पडतात म्हणून आईबाप आजवर गप्प होते. मीही त्यातलीच."

आबांना वही दिसत नव्हती. पण समोर कुणी पान धरलंय म्हटल्यावर त्यांचा हात आपसूक पुढे गेला. डावा तळवा पानाखाली, उजवा अंगठा पानाच्या पाठीवर. दाबून लिहिलं की मागच्या बाजूला अक्षरांचे उंचवटे येतात. आबांचा अंगठा वरून खाली, ओळीओळीनं सावकाश गेला आणि एका जागी थांबला.

"नवव्या ओळीत कुठं गेली व्हतीस गं?"

झोया हळूच म्हणाली, "बाहेर कुत्र्याचं पिल्लू ओरडलं."

"त्येच म्हटलं, रेघ उथळ झालीया. बाकी पान चांगलं हाय. ठेव आता."

झोयानं वही मिटली, दप्तरात टाकली, दप्तराची चेन ओढली. मग आईला म्हणाली, "अम्मी, मला खूप भूक लागलीय." आणि डॉक्टर मुजावर तिथेच स्टुलावर बसून रडायला लागल्या.

चहा आला, भजी आली, झोयानं दोन प्लेटी संपवल्या. तोवर सगळा उलगडा झाला. ईश्वरीच्या अभ्यासाची तिसरी कडी, तिची शाबासकी, हा अंगठा होता. बापाला अक्षर दिसत नव्हतं, पण मुलीचं लक्ष कुठल्या ओळीत होतं आणि कुठल्या ओळीत नव्हतं, ते त्याला पानाच्या पाठीवर कळे. ती कडी केंद्राच्या नोंदीत आलीच नाही, कारण पेन खाली ठेवलं की टोप बंद करायचा असा नियम होता. मुलांच्या मेंदूत शाबासकीची ओढ तेवढी गेली, शाबासकी गेली नाही.

"पहिल्या वर्षीच्या नोंदीचा कागद मी काढून बघितला," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात एक रकाना होता, अभ्यास कोण तपासतं. ईश्वरीनं लिहिलं होतं, वडील, अंध. आमच्या माणसानं त्यावर काट मारली. आंधळा माणूस वही कशी तपासेल, घाईत चुकीचं लिहिलं असेल पोरीनं, असं त्याला वाटलं. खाली सही माझी आहे."

आबा हसले. त्यांना राग आला नाही. खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. आजवर ते लेकीच्या नावावर मिरवत होते. आता कळलं होतं, की त्या नावाच्या शेवटी त्यांचा अंगठा होता.

"आणा की पोरं हितं," ते म्हणाले. "जमतील तेवढी तपासतो. माझं काय जातंय?"

पोरं आली. बसगाड्या भरभरून आली. साताऱ्याहून, नगरहून, थेट नांदेडहून. दुकानापासून चौकापर्यंत रांग लागे. आबा सकाळी आठला बसत आणि एकेक पान घेत. "चौथ्या ओळीत झोप आली व्हती." "हितं भांडून आलावतास का कुणाशी? लई जोर दिलाय." "झ्याक. ठेव." मुलं वही मिटत आणि सुटकेचा श्वास टाकत, तो आबांना ऐकू येई. खुर्च्या पडून राहिल्या. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही, उलट रांगेतल्या पोरांना पाणी दिलं. सबंध फलटणाला आबांचा अभिमान वाटत होता, आणि आबांना स्वतःचा.

तीन आठवड्यांनी डॉक्टर आल्या तेव्हा आबांच्या अंगठ्याला पट्टी होती आणि ते डाव्या अंगठ्यानं काम भागवत होते.

"दिवसाला दोनशे मुलं होतात तुमची," डॉक्टर म्हणाल्या. "एकेका मुलाचं एकेक पान बघायचं तर दोन वर्षं लागतील. आणि मुलं रोज चार पानं लिहितात. अंगठ्याची नक्कल करणारं यंत्रही करून बघितलं. मुलं त्याला फसत नाहीत. आणि काका, रागावू नका, तुम्ही सहासष्ट वर्षांचे आहात. तुमच्यानंतर काय?"

"मग कलम काढून टाका."

"काढलं तर यातलं एकही मूल परीक्षेला बसू शकणार नाही. एकच मार्ग आहे. छाटणी. मातृवृक्षावरच ती कडी छाटायची. ईश्वरीला तुमच्या अंगठ्याची गरज वाटणार नाही असं करायचं, मग तिची नवी नोंद घ्यायची. मुलं पान लिहितील, पेन ठेवतील, पान पुरं होईल. एका बैठकीचं काम आहे. तिला दुखणार नाही."

आबांच्या हातातला वेत तुटला. "माझ्या लेकीच्या डोक्यात कातरी घालणार? मला इचारून?"

"तुम्हाला विचारायला तिनंच सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या.

आबांनी त्या दिवशी साफ नाही म्हणून सांगितलं. रविवारी ईश्वरी आली. ती महिन्याच्या पहिल्या रविवारी पुण्याहून येत असे, आणि येताना तिच्या पुलाच्या कामाचं एक पान आणत असे. आकडेमोड, थोडं चित्र, जाड कागदावर दाबून काढलेलं. आबा त्यावरून अंगठा फिरवत. एकोणतीस वर्षांच्या इंजिनियर बाईला ते विचारत, "हितं कुठं गेली व्हतीस?" आणि ती हसून सांगे. महिन्यातला तेवढा अर्धा तास आबांना उरलेल्या महिन्याला पुरे.

त्या रविवारी पान पिशवीतच राहिलं. ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी.

"आबा, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. नदीवर माझा पहिला पूल झाला. लोक त्यावरून जायला लागले. मंत्री आले, हार घातले. आणि मी तिथं उभी होते, तर मला काहीच झालं नाही. मी चार दिवसांनी इथं आले, तुम्ही नकाशावर हात फिरवला, ठेव म्हणालात, तेव्हा माझा पूल पुरा झाला. प्रत्येक वेळी असंच होतं. मी केलेलं काहीही तुमचा हात लागेपर्यंत पुरं होत नाही. मधले दिवस मी कशी काढते ते माझं मला माहीत. मला वाटायचं, हे माझ्यापुरतंच आहे, चालवून घेऊ. पण ती रांग बघितली मी बाहेर. ती पोरं म्हणजे मीच आहे, आबा. माझी ही गाठ मी दीड लाख पोरांच्या गळ्यात बांधली."

आबांच्या अभिमानाला अशी ठेच पूर्वी कधी लागली नव्हती. आपण पोरीला बसायला शिकवलं, एवढंच ते आजवर समजत होते. तिला उठायलाही आपलीच परवानगी लागते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग करून घे की तू. माझं कशाला आडवं येतंय?"

"तेच तर. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मला तेही करता येत नाही." ती रडतही होती आणि हसतही होती.

"कर," आबा म्हणाले. "मी सांगतोय. कर तू."

तिनं पिशवीतलं पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. आबांनी अंगठ्याची पट्टी सोडली. अंगठा वरून खाली गेला. अकराव्या ओळीत पेन पार हललं होतं. तिथून पुढे एकही ओळ सारखी नव्हती. आबांनी हात शेवटपर्यंत नेला.

"एकबी ओळ उथळ न्हाई," ते म्हणाले. "ठेव." तिच्या पानाबद्दल ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि त्याबद्दल त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

छाटणी झाली. महिन्याभरात नवी नोंद सगळ्या मुलांपर्यंत पोचली. रांग आटली. मुलं एकदा लिहीत, पेन ठेवत, जेवत, खेळत, झोपत. हस्तपरीक्षेत एक लाख दहा हजार मुलं शेवटपर्यंत बसली आणि पास झाली. फलटणात पेढे वाटले गेले. आबांना पालखीसारख्या सजवलेल्या वेताच्या खुर्चीत बसवून लोकांनी चौकातून मिरवलं. खुर्ची त्यांनीच विणलेली होती, त्यामुळे ती मध्येच मोडणार नाही याची त्यांना खात्री होती. लेकीनं दीड लाख पोरांना मोकळं केलं, हे ते आता गिऱ्हाइकांना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज पूर्वीपेक्षाही चढा असे.

निकालानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टर मुजावर आल्या. या वेळी एकट्याच.

"झोया राज्यात नववी आली, काका."

"अरं वा! पेढं कुठं हायती?"

"मला शेजारणीकडून कळलं. निकाल लागल्यावर तिसऱ्या दिवशी." डॉक्टर स्टुलावर बसल्या. "तिनं लपवलं नाही हो. मी विचारलं, बेटा, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, अम्मी, सांगायचं काय त्यात, परीक्षा झाली, निकाल लागला. रागावून नाही, चांगल्या गोड आवाजात म्हणाली. मग मी इतर घरांतून चौकशी केली. सगळीकडे तेच. चित्र काढतात, धावण्यात पहिली येतात, पण घरात कुणाला काही आणून दाखवत नाहीत."

"म्हंजी?"

"आम्हाला वाटलं, तुमचा अंगठा ही शेवटची लहानशी कडी आहे. कापून टाकू. पण तिचं मूळ खूप खोल होतं. रांगणारं पोर जमिनीवर सापडलेला खडा मुठीत धरून आईकडे आणतं ना, हे बघ म्हणून? तिथपर्यंत गेलेलं होतं ते. छाटताना तेही निघून आलं, आणि नव्या नोंदीबरोबर तीच पोकळी सगळ्या मुलांत गेली."

"परत लावा की मग."

"लावायचं कुठून? मातृवृक्षच छाटलाय. जुन्या नोंदी फिक्या पडल्या. आणि कुणासाठी लावायचं? मुलं मजेत आहेत. झोया तर म्हणते, इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. तक्रार करणारे फक्त आम्ही आईबाप आहोत."

डॉक्टर गेल्यावर आबा हात थांबवून बसून राहिले. बादलीतला वेत वाळून गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या रविवारी ईश्वरी आली. महिन्याला घरी येणं ही तिची वेगळी सवय होती आणि त्या सवयीला कुणी हात लावला नव्हता. तिनं पिठलं केलं, भाकऱ्या थापल्या, आबांची नखं कापली, अंगठ्याला मलम लावलं. तिचा आवाज मोकळा होता. असा मोकळा आवाज आबांनी तिच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो ऐकून त्यांना खरोखर बरं वाटलं. बोलता बोलता ती म्हणाली, की खाडीवरचा मोठा पूल गेल्या महिन्यात पुरा झाला. दीड किलोमीटरचा. असा पूल याआधी कुणाला जमला नव्हता, असं वर्तमानपत्रात आलंय म्हणे.

"नकाशा आणलायस?" आबांनी विचारलं.

"नाही. का? काही काम होतं?"

"न्हाई, न्हाई." आबांनी मांडीवरचे हात मागे घेतले. "म्हटलं, एवढा मोठा पूल. पुरा झाला तवा कसं वाटलं तुला?"

ईश्वरीनं थोडा विचार केला. खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

"काही नाही, आबा. पुरा झाला. सोमवारी दुसऱ्या पुलाचं काम काढलं."

आबांचा ऊर भरून आला. दीड किलोमीटरचा पूल बांधून पोर अशी शांत बसली होती, आता तिला कुणाचीच गरज नव्हती, त्यांचीसुद्धा नाही. यापेक्षा एका बापाला आणखी काय हवं असतं? त्यांनी हात पुढे केला, अंदाजानं तिची पाठ शोधली आणि थोपटली.

"शाब्बास," ते म्हणाले.

"कशाबद्दल?" ईश्वरीनं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं, आणि उत्तर ऐकायला ती त्यांच्याकडे वळून बसली.